भाडी वाढलीत, म्हणून दुसरं घर घ्यायचं का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, नवघर रस्त्याच्या आतल्या गल्लीत आहे. १९८२ सालची, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. आमचं घर वन बीएचके, कारपेट ४२० चौरस फूट. पुनर्विकास पक्का झालाय, दोन-तीन महिन्यांत घर रिकामं करायचं आहे. बिल्डर ४० टक्के वाढवून ५८८ फूट देणार आहे. फुटाला ७५ रुपये प्रमाणे महिना ३१,५०० भाडं, एका महिन्याची दलाली, सामान हलवायचे पैसे आणि ८ लाख ४० हजार कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे. हे टपाल खात्यातून निवृत्त झाले, पेन्शन ३४,००० आहे. एफडी १६ लाखांच्या आहेत. मुलगा ऐरोलीला आयटीत आहे, हातात ८५,००० येतात. त्याच्यासाठी स्थळं बघतोय.

घरात रोज वाजतंय. मुलगा म्हणतो, भाडी बघ कुठे चाललीत! घोडबंदर रोडला बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये वन बीएचके ७५ लाखांना आहे. कॉर्पस आणि एफडी घालू, वरचे ६० लाख कर्ज काढू, भाड्यातून हप्ता फिटेल. ह्यांचं म्हणणं, त्यापेक्षा आपल्याच नव्या घरात १०० फूट विकत घेऊ, बिल्डर २४ लाख सांगतोय. पुढे ते घर ५०,००० भाड्याने देऊ आणि आपण सावंतवाडीला जाऊन राहू. मी मात्र रोज दलालांना फोन करतेय आणि ३१,५०० मध्ये आमच्या गल्लीत काही मिळत नाही. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने नको आहेत. आम्ही काय करावं? आणि आमच्या इमारतीत दोन घरांत भाडेकरू राहतात, त्यांना यात काही मिळतं का?

– म. प., मुलुंड (पूर्व)

ताई,

घरात वाजतंय म्हणता, म्हणून आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. घोडबंदरचं घर घेऊ नका. ते १०० फूटही घेऊ नका. एफडी आहेत तिथेच राहू द्या. आणि भाड्याचं घर शोधताना तुमच्या गल्लीचा हट्ट सोडा.

सुरुवात तुमच्या घरशोधणीपासून करते, कारण बाप-लेकांच्या दोन्ही बेतांची मेख तिथेच आहे. ३१,५०० मध्ये घर मिळत नाही, कारण त्या गल्लीत तुम्ही एकट्याच शोधत नाही आहात. नवघर रस्त्यावरून आत वळलं की जागोजागी इमारतींना पत्रे लागलेले दिसतात. अशा एकेका इमारतीतून पंधरा-वीस कुटुंबं बाहेर पडतात आणि सगळ्यांची यादी एकच असते: स्टेशनला चालत जाता यावं, शाळा बदलायला नको, डॉक्टर तोच राहावा. बहुतेकांना लागतो वन बीएचके. आता मुलुंड पूर्वेला वन बीएचके होते कुठे? ज्या पाडल्या त्याच इमारतींत. तुमच्याच इमारतीचं बघा. दोन घरांत भाडेकरू आहेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ती इमारत पडली की भाड्याची दोन घरं बाजारातून गेली, त्या दोन घरांतले भाडेकरू नवं घर शोधायला निघाले, आणि त्यांच्या जोडीला तुम्ही सगळे मालकही निघालात. पुरवठा कमी आणि मागणी जास्त, दोन्ही एकाच दिवशी. हे चेंबूरच्या टिळकनगरला झालं, विक्रोळीच्या कन्नमवार नगरला झालं, विलेपार्ल्याला आणि बोरिवलीला चाललंय.

दलालांना हे आपल्याआधी कळतं. पूर्वी फोनवर पहिला प्रश्न असायचा, ‘फॅमिली की बॅचलर?’ आता विचारतात, ‘रिडेव्हलपमेंटवाले का?’ हो म्हटलं की आकडा दोन-तीन हजारांनी चढतो, कारण पैसे बिल्डर देणार हे त्याला ठाऊक असतं. सोसायटीच्या सभेत फुटाला ७५ ठरले ही बातमी संध्याकाळपर्यंत त्याच्या दुकानात पोचलेली असते. म्हणून पुढच्या फोनला बिल्डरचा विषय काढूच नका. ‘आमचं बजेट अठ्ठावीस’ एवढंच सांगा.

मुळात या शहरात भाड्याची घरं कमी आहेत, त्याला जुनं कारण आहे. गिरगाव-दादर-परळच्या चाळी बांधल्या गेल्या त्या भाड्यासाठीच. मग १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली आणि भाड्यासाठी घर बांधायचा धंदाच बसला. पुढे ओनरशिपचा जमाना आला, १९६३ मध्ये त्याचा कायदाही झाला, आणि तेव्हापासून मुंबईत जे बांधलं जातं ते विकण्यासाठी. भाड्याने मिळतं ते कुणाचं तरी दुसरं घर. त्यातही ‘भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही’ ही पागडीच्या काळातली धास्ती इतकी मुरलेली की लोक घर कुलूप लावून ठेवतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी निघाली होती. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीतही या आकड्याची दखल घेतली गेली. एकीकडे तुम्हाला घर मिळेना आणि दुसरीकडे एवढी कुलपं.

त्यामुळे तुमच्या चिरंजीवांना जी भाडेवाढ दिसते ती खरी आहे. पण ती कशामुळे आहे हे त्यांनी बघितलेलं नाही. गल्लीतली बरीचशी मागणी उसनी आहे. तीन-चार वर्षांसाठी घराबाहेर पडलेली माणसं ती. त्यांचे टॉवर उभे राहिले की ती आपापल्या घरी परततात, आणि त्यांनी सोडलेली घरं एकाच हंगामात बाजारात येतात. वरळीच्या बीडीडी चाळींत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. किल्ली हातात पडली की बाहेर राहिलेलं कुटुंब भाड्याचं घर एक महिनाही जास्त ठेवत नाही. शिवाय प्रत्येक पुनर्विकासात विक्रीचे फ्लॅट असतात. त्यातले काही गुंतवणूकदारांनी घेतलेले असतात, आणि तेही ताबा मिळाला की त्याच महिन्यात भाडेकरू शोधायला लागतात.

हे सगळं एकदम का होतंय, त्यालाही कारण आहे. कोविडनंतर राज्य सरकारने बांधकामावरच्या प्रीमियममध्ये, म्हणजे मंजुरीसाठी बिल्डरला भराव्या लागणाऱ्या शुल्कात, ५० टक्के सवलत दिली, ती २०२१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. अट एवढीच, की ग्राहकाची स्टँप ड्युटी बिल्डरने भरायची. मंजुऱ्यांसाठी झुंबड उडाली. म्हाडाच्या वसाहती, खाजगी सोसायट्या, जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या भाड्याच्या) इमारती, सगळ्यांची गाडी एकाच वेळी हलली. एका वर्षात मंजूर झालेले टॉवर थोड्या फार फरकाने एकाच सुमारास तयार होतात. म्हणजे आज तुम्हाला दिसते ती टंचाई आणि तुमच्या टॉवरच्या ताब्याच्या वेळची परिस्थिती यात फरक असणार. भाडी कोसळतील असं मी म्हणत नाही, मुंबईत ती सहसा कोसळत नाहीत. पण आजचा चढा आकडा पुढच्या वीस वर्षांच्या हप्त्याला आधार म्हणून धरणं धाडसाचं आहे.

आता मुलाचा हिशेब. तो ७५ लाख म्हणतो, पण ७५ लाखांत ते घर पडत नाही. बांधकाम चालू आहे म्हणजे ५ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेचार लाख. ठाण्याला स्टँप ड्युटी ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणीचे ३०,०००. झाले ८४ लाख ३० हजार, आणि अजून पार्किंग किंवा क्लब हाऊसचा विषय निघालेला नाही. कर्ज ६० लाख धरलं तर घरचे २४ लाख ३० हजार लागतात. तुमच्या एफडी अधिक कॉर्पस यांची बेरीज करा. २४ लाख ४०. म्हणजे आयुष्यभराच्या संसाराची सगळी पुंजी जाऊन हातात १० हजार.

आणि कॉर्पस आज मिळतोय कुठे? बहुतेक करारांत त्याचा मोठा हिस्सा नव्या घराचा ताबा देताना मिळतो. तुमच्या मसुद्यात काय लिहिलंय ते बघा. जो पैसा तीन-चार वर्षांनी येणार, त्यावर आज बुकिंग करता येत नाही.

६० लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिना सुमारे ५२,००० होतो. वर्षाचे सव्वासहा लाख, आणि पहिल्या वर्षी त्यातले पाच लाख नुसतं व्याज. घोडबंदरला अशा घराला २१,००० भाडं येईल असं धरू. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर एखादा महिना रिकामं राहतं, म्हणून अकरा महिन्यांचे २ लाख ३१ हजार. त्यातून मेंटेनन्सचे महिना साडेचार हजार वजा करा. घोडबंदरच्या टँकरचं पाणी या मेंटेनन्समध्येच येतं, हे तिथल्या कुणालाही विचारा. घरपट्टी आणि दलाली-रंगरंगोटीचे २५,००० सोडा. उरले दीड लाखाच्या आसपास. ८४ लाखांवर वर्षाला दीड लाख. पोस्टाच्या बचत खात्यावरसुद्धा याहून जास्त व्याज मिळतं, आणि तुमच्या यजमानांनी ते खातं आयुष्यभर लोकांना उघडून दिलंय! हप्त्यातली तूट महिना ३९,००० राहते, ती मुलाच्या ८५,००० मधून भरायची. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य, हप्ता किंवा व्याज मात्र चालू.

तो म्हणेल, मेट्रो येतेय, भाव वाढेल. वाढेलही. पण घराचा भाव आणि घराचं भाडं यांना हलवणाऱ्या गोष्टी वेगळ्या. भाव कर्जावर चढतो, कारण वीस वर्षांची कमाई आज खर्च करता येते. भाडं महिन्याच्या पगारातून जातं, त्यामुळे भाडेकरूच्या पगाराला जेवढं झेपेल तिथेच ते थांबतं. म्हणून मुंबईत घराच्या किमतीच्या दोन-तीन टक्के भाडं आणि कर्जाला सात ते नऊ टक्के व्याज, हे वर्षानुवर्षं चाललंय. नव्या संकुलांत आणखी एक गंमत होते. तीन-चारशे फ्लॅटचा ताबा एकदम मिळाला की शे-पन्नास मालक एकाच आठवड्यात दलालाकडे जातात. सगळ्यांचे फ्लॅट सारखे, स्वयंपाकघराच्या टाइल्ससुद्धा सारख्या. मग भाडेकरू कोणाचं घेणार? जो दोन हजार कमी करेल त्याचं.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, स्थळं बघतोय अशी. मला वाटतं घरातला खरा विषय तो आहे. स्थळं बघताना ‘मुलाचं स्वतःचं घर आहे का’ हा प्रश्न येतो, आणि मुलाला तो झोंबत असणार. त्याला घर हवंय, भाड्याचं उत्पन्न हे निमित्त. तसं असेल तर त्याच्याशी ते उघड बोला. मग मी त्याला सांगेन की जे गणित मालकाला पेलत नाही, तेच गणित भाडेकरूच्या पथ्यावर पडतं. ५२,००० हप्त्याचं घर २१,००० मध्ये राहायला मिळत असेल तर लग्नानंतर पहिली काही वर्षं भाड्याने राहण्यात शहाणपण आहे. त्यात कमीपणा कसला? ऐरोलीलाच बघा म्हणावं, ऑफिस चालत. उरलेले पैसे दर महिन्याला बाजूला पडले की पाच वर्षांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पगारावर, राहण्यासाठी घर घ्यावं. तेव्हा सूनबाईंचंही मत असेल. कुठे राहायचं हे ती यायच्या आधी घोडबंदरला ठरवून टाकू नये.

यजमानांचा बेत मला जास्त आवडला, पण त्यातले २४ लाख वगळून. ५८८ फुटांत छोटा टू बीएचके बसतो. ६८८ फुटांतही टू बीएचकेच बसतो, फक्त खोल्या ऐसपैस. भाडेकरू जाहिरातीत ‘टू बीएचके, लिफ्ट, पार्किंग, स्टेशन दहा मिनिटं’ एवढं वाचतो, फूट मोजत बसत नाही. त्या १०० फुटांमुळे भाडं तीन-चार हजारांनी वाढलं तर खूप झालं. २४ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले तर याहून कितीतरी जास्त येतील, हे ते स्वतः तुम्हाला सांगतील. आणि ५०,००० हा आकडा आजच्या टंचाईतला आहे. तुमचा टॉवर तयार होईल तेव्हा गल्लीतले इतरही झालेले असतील. ४०,००० धरून सावंतवाडीचं बजेट बसतंय का बघा. बसलं तर खुशाल जा. घर भाड्याने दिलं की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लावते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही. २००१ पासूनचा नियम आहे, कमिटीला आठवत नसेल तर आठवण करून द्या.

फूट वाढण्याची एक बाजू कुणी सभेत सांगत नाही. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. तुमच्या ४२० फुटांना आज तो लागत नाही. ५८८ फुटांना लागेल. मेंटेनन्सही. लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीत महिन्याला दीड-दोन हजारांत भागतं. नव्या टॉवरमध्ये दोन लिफ्ट, पंप, जनरेटर, आगीची यंत्रणा, पोडियमचे दिवे, चोवीस तास वॉचमन; फुटाला आठ-दहा रुपये धरले तर तुमचे पावणेपाच ते सहा हजार. पेन्शन मात्र तीच. कॉर्पस असतो तो यासाठी. ८ लाख ४० हजारांवर ७ टक्क्यांनी महिना ४,९०० व्याज येतं. बघा, जवळजवळ तेवढाच खड्डा भरतो. कॉर्पसकडे बक्षिसाचे पैसे म्हणून बघणारी मंडळी ताबा मिळून दोन वर्षांत मेंटेनन्स थकबाकीच्या यादीत दिसतात.

आता राहायचं कुठे. जिने नको आहेत, म्हणजे लिफ्ट किंवा तळमजला. मुलुंड पश्चिमेला, नाहूर-भांडुपला, आणि पलीकडे ठाणे पूर्वेला कोपरीत बघा. ऐरोलीही वाईट नाही. मुलाचं ऑफिस तिथेच, आणि पुलावरून मुलुंड किती लांब? ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही टोलनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांकडे टॅक्सीने यायला पूर्वीइतकं जड जाणार नाही.

घर बघायला गेलात की घराआधी आजूबाजूला बघा. शेजारच्या प्लॉटला पत्रे असतील तर पुढची तीन वर्षं धूळ आणि ड्रिलचा आवाज तुमच्याच वाट्याला. पालिकेने २०२३ मध्ये धुळीसाठी नियम कडक केले, पत्रे पंचवीस-पस्तीस फुटांचे झाले, तरी खिडकीवर बोट फिरवलं की कळतं. दुसरं, जे घर भाड्याने घेताय ती इमारतच पुनर्विकासाला निघालेली नाही ना? स्वस्तात मिळणारा जुना वन बीएचके बऱ्याचदा याच कारणाने स्वस्त असतो. वॉचमनला विचारा, नोटीस बोर्ड वाचा. तिथे ‘७९ अ’ (पुनर्विकासाच्या नियमांचं कलम) किंवा ‘पीएमसी नेमणूक’ (पुनर्विकासाचा सल्लागार नेमणं) असे शब्द दिसले तर तिथून निघा. तुमची दोनदा हलवाहलव होईल, आणि दुसऱ्या वेळी बिल्डरचं भाडं मिळेल ते त्या मालकाला.

करार तीन वर्षांचा करा. इथे सगळे ११ महिन्यांचा करतात आणि विचारलं तर म्हणतात, म्हणजे नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात हे खरं नाही. २००० पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्यात लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवावाच लागतो, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर ३६. नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ६० महिन्यांपर्यंतचा करार करता येतो. ३६ महिन्यांचा, ३२,००० भाड्याचा, एक लाख अनामत असलेला करार केलात तर स्टँप ड्युटी होते तीन हजारांच्या आसपास, वर नोंदणीचे एक हजार. ११ महिन्यांनी केलात तर दर वेळी नोंदणी, दर वेळी दलाल हात पुढे करणार, आणि दर वेळी मालक १० टक्के वाढ मागणार. एकाच करारात दर वर्षी ५ टक्के वाढ लिहून घ्या आणि मालकाला मधेच घर काढून घेता येणार नाही अशी मुदतही घाला. तुम्हाला मात्र एक महिन्याच्या नोटिशीने सोडायची मोकळीक हवी. शेवटी आणखी सहा महिने वाढवण्याचा पर्याय असू द्या, कारण टॉवर वेळेवर झाला तर मलाच आश्चर्य वाटेल. मुदत संपून राहिलात तर त्याच कायद्याने मालक दुप्पट भाडं मागू शकतो. अनामत रक्कम सहसा बिल्डर देत नाही, ती एफडीतून न काढता आधीच तजवीज करा.

आणि सगळ्यात जास्त लक्ष बिल्डरच्या भाड्यावर. ३१,५०० वर वाढीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मालक भाडं वाढवेल तर बिल्डरचंही वाढायला हवं. भाडं ‘३६ महिने’ असं लिहिलं असेल तर ते खोडून ‘भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देईपर्यंत’ असं घ्या (हे प्रमाणपत्र म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला). पहिल्या वर्षाचं आगाऊ आणि पुढच्या वर्षांचे आगाऊ तारखांचे चेक ही रीत आहे, पण चेक म्हणजे पैसे नव्हेत, म्हणून सोसायटीच्या नावाने बँक गॅरंटी किती आहे ते सेक्रेटरींना विचारा. गोरेगावच्या सिद्धार्थनगरचं, म्हणजे पत्राचाळीचं, उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २००८ चा करार, ६७२ कुटुंबं, भाडं मधेच बंद पडलं, शेवटी प्रकल्प म्हाडाला हातात घ्यावा लागला. महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, नोंदणी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्या नोंदणीचा भर विक्रीच्या फ्लॅटवर आणि ते घेणाऱ्यांवर असतो. जुन्या सभासदाचं खरं हत्यार म्हणजे त्याच्या नावाचा नोंदणीकृत पर्यायी जागेचा करार, म्हणजे जुन्याच्या बदली नवं घर देण्याचा. सोसायटीचा विकास करार वेगळा आणि हा वेगळा. तो हातात पडल्याशिवाय घराची चावी देऊ नका, सेक्रेटरी कितीही म्हणोत की ‘तुमच्या एकट्यामुळे अडलंय.’ ताबा घेतानाही तेच, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय नाही. नाहीतर पाण्याचं बिल दुप्पट दराने भराल.

बिल्डर भाड्यावर टीडीएस कापतो म्हणाला तर त्याला सांगा, मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय की हे ट्रान्झिट रेंट कायद्याच्या अर्थाने भाडं नाही, ते गैरसोयीची भरपाई आहे, त्यावर कपात करायचं कारण नाही. आणि तुम्हाला ३१,५०० च्या खाली घर मिळालं, किंवा काही महिने सावंतवाडीला राहिलात, तरी ही रक्कम पूर्ण तुमचीच.

राहता राहिले तुमच्या इमारतीतले दोन भाडेकरू. ते लीव्ह अँड लायसन्सवर असतील तर त्यांना पुनर्विकासात काही मिळत नाही. नवं घर, कॉर्पस, बिल्डरचं भाडं, सगळं सभासदाचं. उपकरप्राप्त इमारतीतल्या पागडीच्या भाडेकरूची गोष्ट वेगळी, त्याला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. तुमची सोसायटी त्यात बसत नाही. पण त्यांना बाहेर काढायचं काम त्या दोन मालकांचं आहे आणि असे मालक बऱ्याचदा पुण्याला नाहीतर परदेशात असतात. भाडेकरूंच्या करारांची मुदत कधी संपते हे कमिटीने आत्ताच दोघांकडून लेखी मागवावं, आणि नोटीस आजच द्यायला लावावी. त्या दोन कुटुंबांनाही याच बाजारात घर शोधायचं आहे, त्यांना दोन महिने तरी मिळू द्या. एक जरी दार बंद राहिलं तरी इमारत रिकामी झाल्याचं पत्र बिल्डरला देता येत नाही, आणि बाकीच्यांच्या भाड्याचे चेक त्या पत्रावर अडलेले असतात.